रस्सा मिळणार नाही

फिरतीवर गेलो की चांगलं भाजलेलं मटण किंवा कोंबडी कुठं मिळते ते शोधायची मला सवय आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी मार्केटिंग बघतो. पंपाचे, गिअरबॉक्सचे सुटे भाग आम्ही बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतून देतो. त्यासाठी महिन्यातले आठ-दहा दिवस मी बाहेरगावी असतो. जेवायला कुठं जावं हे मी लॉजच्या काउंटरवर कधीच विचारत नाही. तिथला माणूस आपल्याला पांढरा टेबलक्लॉथ असलेल्या जागी पाठवतो. मी पंक्चरवाल्याला विचारतो, नाहीतर औषधाच्या दुकानदाराला. संध्याकाळी पाच-साडेपाचला, कोळसा पेटवायच्या वेळेला, पायी निघतो. मेनूकार्ड जाड असेल तर परत फिरतो. भिंतीवर चारच ओळी लिहिलेल्या असतील आणि आजूबाजूच्या बायका घरचे डबे घेऊन रांगेत उभ्या असतील, तर बाकावर बसतो.

खाण्याच्या हौसेनं ही सवय लागली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इथं लिहितो.

आठेक वर्षांपूर्वी शिरोली फाट्याच्या अलीकडं, सर्व्हिस रोडला एक पत्र्याची शेड होती. दारात कमरेएवढ्या उंचीची लांबट शेगडी, आत चार बाकं, एक पाण्याचा पिंप. तिथं एक साठीकडं झुकलेले गृहस्थ मटण भाजायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. आत त्यांची बायको, म्हणजे चाची, दुपारपासून पाट्यावर आलं-लसूण आणि कच्ची पपई वाटत बसलेली असायची. बोनलेस तुकडे त्या वाटणात मुरवून चाचा लोखंडी शिगांना लावायचे. दर दोन तुकड्यांमध्ये चरबीचा एक छोटा तुकडा. निखाऱ्यावर ती चरबी वितळली की मटण आपोआप तिच्यात भिजायचं. उतरवताना वरून कांदा-लसूण चटणीचं पाणी शिंपडायचे. चर्र असा आवाज व्हायचा आणि रस्त्यावरची दोन-तीन माणसं तरी मान वळवायची. सोबत पाव, कांदा, लिंबू. एवढंच. बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सात वाजता मटण संपलेलं असायचं, साडेसातला शेड बंद.

कारखाना सुटला की मी तिथं थांबायचो. त्या काळात मी फेसबुकवर खवय्यांच्या एका गटात लिहायचो. गटात पुष्कळ माणसं होती आणि माझ्या लिहिण्याला बऱ्यापैकी मान होता. चाचांवर लिहिलं तेव्हा मी भरभरूनच लिहिलं. मांस कसं बोटानं तुटतं, चरबी कशी लावतात, सगळं लिहिलं. पण शेवटी एक वाक्य टाकलं. "चव एक नंबर, पण रस्सा मिळत नाही, त्यामुळं कोल्हापुरी माणसाचं जेवण झालं असं वाटत नाही."

हे मी का लिहिलं? आम्हा कोल्हापूरकरांना मटण म्हटलं की समोर दोन वाट्या लागतात, एक तांबडी, एक पांढरी. त्या नसल्या की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगायचं तर, नुसतं कौतुक केलं तर लोकांना आपण जाणकार वाटणार नाही, म्हणून एक खोट काढायची होती. त्या वाक्याला सगळ्यात जास्त दाद मिळाली. खाली लोकांनी लिहिलं, "अगदी बरोबर!", "रश्याशिवाय मटण म्हणजे काय राव!"

पुढच्या आठवड्यापासून चाचांच्या दारात गाड्या थांबायला लागल्या. माणसं यायची, बाकावर बसायची आणि विचारायची, "रस्सा हाय न्हवं?" नाही म्हटलं की निम्मे उठायचे. एकजण तर माझ्यासमोर म्हणाला, "ऑनलाइन लिवलंय त्ये खरंच हाय की. रस्साच न्हाई." चाचांनी शिगा तशाच निखाऱ्यावर धरल्या होत्या. ते बघत राहिले आणि एका शिगेचं मटण करपलं.

एका शुक्रवारी शेड रिकामी असताना चाचा माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसले.

"सायेब, कुणीतर आपल्याबद्दल इंटरनेटवर लिवलंय म्हनं. समदी रस्सा रस्सा करत्यात. तुमी शिकलेलं मानूस. काय करावं, सांगा की."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की चाचा, ते लिहिणारा मीच. तोंडापर्यंत आलंही होतं. पण समोर ताटलीत गरम शिगा होत्या, नेहमीचं बाकडं होतं, आणि हा माणूस मला साहेब म्हणत होता. मी म्हणालो, "लोकांना पाहिजे तर थाळी सुरू करा की चाचा. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. शिगा बी ठेवा. चालंल."

आतून चाची ओरडली, "कशाला पाहिजे थाळी? गल्लीला दहा थाळीवाले हैं. भुनके कौन देता?"

"तू गप गं," चाचा म्हणाले. "सायेब सांगत्यात."

थाळी सुरू झाली. रस्सा करायला एक आचारी ठेवला. त्याचा रस्सा वाईट नव्हता, पण कोल्हापुरात वाईट नसलेला रस्सा कोण विचारतो? पाट्यावर वाटण करणारी चाची भाकऱ्या थापायला बसली आणि वाटण मिक्सरला गेलं. थाळीबरोबर वाढायच्या म्हणून शिगा आधीच भाजून ठेवायला लागले, त्या गार व्हायच्या. टेबलं वाढली तशी दारातली शेगडी मागच्या बाजूला गेली. शिंपडलेल्या चटणीचा वास मग रस्त्यापर्यंत येईनाच. वर्ष-दीड वर्षात शेड बंद झाली. एका बुधवारी मी थांबलो तर पत्र्यावर टायरच्या कंपनीची जाहिरात लावलेली होती. चाचा कुठं गेले, शेजारच्या टपरीवाल्याला माहीत नव्हतं. आणि मी फार शोधलंही नाही, हेही लिहिलं पाहिजे. सापडले असते तर बोलावं लागलं असतं.

त्यानंतर मी गटात लिहिणं सोडलं आणि बाहेरगावी भाजलेलं मटण शोधायला लागलो. म्हटलं, बाकीचे लोक हे कसं चालवतात ते तरी बघू.

वसईला आमचा एक ग्राहक आहे. तिथून आगाशीला गेलो, भुजिंग खायला. कोळशावर भाजलेली कोंबडी, पोहे आणि बटाटा, सगळं मसाल्यात परतलेलं. कोरडं. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "ताई, थोडा रस्सा?"

काउंटरवरच्या बाई हातातलं काम टाकून माझ्याकडं बघायला लागल्या. "कोल्हापूरचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"सांगलीचे लिंबू मागतात, नागपूरचे तिखट मागतात. रस्सा तुम्हीच मागता." मग मागं वळून म्हणाल्या, "अगं, पाणी दे त्यांना. रस्सा समजून पितील."

शेजारच्या बाकावरचे दोघं मनापासून हसले. मीही हसलो. त्या बाईंना रस्सा करायचाच नव्हता. कुणी मागितला म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर शंकाही उमटली नाही.

रायगडात एका ग्राहकानं थंडीत शेतावर पोपटीला नेलं. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा आणि मसाला लावलेली कोंबडी भरतात, तोंडाशी परत पाला कोंबतात, मडकं पालथं घालतात आणि भोवती आग करतात. मडक्यावर पाण्याचा थेंब टाकून बघतात. तो चटकन उडाला की झालं. हैदराबादला एका अरुंद गल्लीत काळ्या दगडाच्या जाड फरशीवर मटण भाजताना बघितलं. फरशी तापायलाच दीड तास लागतो म्हणाले. मी त्या म्हाताऱ्या उस्तादला विचारलं की लोक थांबतात का. "जिसको खाना है वो रुकता है," तो म्हणाला आणि माझ्याकडं पाठ करून फरशीवर चरबी फिरवायला लागला.

अशा प्रत्येक ठिकाणी जेवण झाल्यावर मला चाचांची शेड आठवायची. कोळशावर, मडक्यात, दगडावर, प्रत्येकाची रीत वेगळी होती. पण आपली रीत धरून बसलेल्या या माणसांना माझ्यासारखा सल्लागार भेटला नव्हता, एवढा फरक मला दिसायचा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचं जेवण होतं. हायवेवरच्या एका मोठ्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये, दुपारी. तिथं टेबलाच्या मधोमध छोटी गॅसची शेगडी ठेवतात आणि वेटर शिगा आणून लावतात. पनीर, अननस, मश्रूम असं बरंच येत होतं. मग मटणाची शीग आली. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि थांबलो. दोन तुकड्यांमध्ये चरबी होती.

हात न धुताच मी किचनकडं गेलो. काळा एप्रन, डोक्यावर काळी टोपी, दाढी पूर्ण पांढरी. चाचांनी मला आधी ओळखलं.

"आरं, सायेब! तुमी हायसा काय? केस कुठं गेलं तुमचं?"

"चाचा, तुम्ही इथं?"

"इथंच की. तीन वरसं झाली. गॅसवर भाजतो. गॅसवर भाजत्यात व्हय मटण? पर चालतंय." मग माझा हात धरून शेजारच्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण चांगल्या तिशीतल्या आचाऱ्याला म्हणाले, "ह्ये आपलं जुनं गिऱ्हाईक. बाकीची खाऊन जायची. ह्येनी एकट्यानं सल्ला दिलता मला, थाळीचा. मलाच जमलं न्हाई."

मी तिथं उभा राहून "चांगलं झालंय मटण" एवढंच म्हणालो आणि बाहेर आलो. निवृत्त होणाऱ्याच्या भाषणाला सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, वह्या तपासत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं नाही.

"एवढी वर्षं हे पोटात ठेवलंत?"

"हो."

"आणि आता मला सांगून मोकळे झालात."

"मोकळा नाही झालो गं."

"मग मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा की. सोमवारी सुट्टी असेल त्यांना. सोमवारी मटण कोण खातंय?"

रेस्टॉरंटमध्ये फोन करून मी चाचांच्या घराचा पत्ता मिळवला. शहराला लागूनच असलेल्या एका गावात दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचा ओटा, रस्त्याच्या कडेलाच. सोमवारी सकाळी दहाला गेलो. चाची मेथी निवडत बसली होती. चाचा बनियनवर, पेपर वाचत. चहा आला. मी कप हातात घेतला नाही. आधी फोन काढला, जुनं लिखाण उघडलं आणि चाचांच्या हातात दिला.

"चाचा, रश्याचं इंटरनेटवर कुणी लिहिलं म्हणून तुम्ही विचारत होतासा. ते मी लिहिलेलं. खाली माझं नाव आहे बघा."

चाचांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. सगळं वाचलं, कौतुकही. मग फोन चाचीकडं दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला चाचीनं मेथीची जुडी ताटात टाकली.

"मैं बोली थी ना? मैं बोली थी, थाळी नक्को! साहेब सांगत्यात म्हनं. साहेबनेच लावली आग और साहेबच पानी लेके आया."

"चाची, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं! चा पी, गार हो रही."

चाचा पेपरची घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा करत होते. मला वाटलं, आता उठून आत जातील.

"लिवलं त्येचं मला काय न्हाई," ते शेवटी म्हणाले. "रस्सा न्हवताच. खोटं काय लिवलंय तुमी? पर मी तुमास्नी इचारलं हुतं. तुमच्या शेजारी बसून इचारलं हुतं. तवा सांगितलं असतं, सायेब, तर मी हसलो असतो. म्हनलो असतो, मग आता दुसरं लिवा, की चाचाकडं रस्सा मिळणार न्हाई, ज्येला भाजल्यालं पायजे त्येनं यावं. एवढंच लागत हुतं. सोप्पं हुतं."

एवढी वर्षं मला वाटत होतं की माझं पाप त्या वाक्यात आहे. ते वाक्यात नव्हतं. विचारल्यावर गप्प बसलो आणि वर सल्ला दिला, त्यात होतं. चाचांनी एका दमात ते बाजूला काढून दाखवलं. माझे डोळे भरून आले तेव्हा चाची उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "रडवू नका त्यांना. आमचंबी डोकं हुतंच की. आपणच ऐकलं."

थोड्या वेळानं मी विचारलं, "चाचा, पुन्हा कोळसा लावावा वाटतंय काय?"

"वाटतंय म्हंजे? रोज वाटतंय. ह्या ओट्यावर रविवारच्याला लावीन म्हनतो. हिचं वाटण तयारच असतंय. हाटेलचा मालक रविवारी दुपारपर्यंत सुट्टी देतो मला. पर शेगडी न्हाई. जुनी पत्र्याची हुती, सडली. नवीन पत्र्याची वाकडी हुत्या उष्णतेनं."

मी फौंड्रीत काम करतो हे त्यांना माहीत होतं, पण मागितलं त्यांनी नाही. मी म्हणालो, "बिडाची करू या. वाकणार नाही."

"बिडाची?" त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "मग माझ्या मापानं करायची. तुमचा सल्ला न्हाई चालायचा."

"नाही देत."

"हात लांब करा." त्यांनी माझ्याच हातावर बोटांनी खुणा करून दाखवल्या. निखारा आणि शीग यांच्यात चार बोटं, एकही जास्त नाही. खाली राखेला जागा. कडेला शिगा टेकायच्या खाचा, जवळजवळ, कारण लांब ठेवल्या तर मधल्या जागेतून उष्णता वाया जाते. मी कागदावर लिहून घेतलं. आमच्या पॅटर्नवाल्यानं लाकडी साचा केला. कारखान्याच्या मालकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, शनिवारच्या वितळीत शेवटी जो माल उरेल त्यातून ओता. पहिल्या ओतीला कडेला तडा गेला. दुसरी चांगली आली. चाचा स्वतः कारखान्यात आले, शेगडीच्या आतून तळहात फिरवला, खाचा मोजल्या आणि म्हणाले, "एक खाच कमी हाय. पर असू दे."

पहिल्या रविवारी अकरा वाजता ओट्यावर बाभळीचा कोळसा पेटला. भिंतीवर खडूनं चाचांनी स्वतः लिहिलं होतं : भाजलेलं मटण. पाव. कांदा. रस्सा मिळणार नाही. गावातली माणसं यायला लागली. एक मोटारसायकलवाला पाटी वाचून म्हणाला, "रस्सा का न्हाई पण?"

"येत न्हाई मला," चाचा म्हणाले. "पावणं, ह्ये खाऊन बगा, मग रागवा." तो थांबला. त्यानं एक शीग उभ्यानं खाल्ली, मग घरी फोन लावून डबा घेऊन यायला सांगितलं. दोघंतिघं मात्र पाटी वाचून सरळ निघूनही गेले. चाचांनी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

मी कडेला उभा होतो. माझ्या बायकोनं दाराच्या आत बसून चाचीबरोबर कांदा कापायला घेतला होता आणि दोघींचं माझ्यावरून काहीतरी हसणं चाललं होतं. चाचांनी एका ताटलीत शीग उतरवून माझ्यापुढं धरली.

"खावा. आणि कसं झालंय सांगा."

मी तुकडा तोंडात टाकला. मऊ होता, धूर लागलेला, चरबीत भिजलेला. आणि खारट. थोडासाच, पण खारट. आजूबाजूला गिऱ्हाईकं होती, पहिला दिवस होता, चाचांच्या चेहऱ्यावर घाम आणि आनंद दोन्ही होते. एक नंबर, असं म्हणणं अगदी सोपं होतं.

"मीठ जरा जास्त झालंय चाचा."

मोटारसायकलवाल्यानं चावणं थांबवलं. माझ्या बायकोनं मान वर केली. चाचांनी दुसऱ्या शिगेतून एक तुकडा काढला, तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चावला.

"व्हय," ते म्हणाले. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, दुसऱ्या पातेल्यात मीठ कमी टाक! सायेब सांगत्यात."

"आता बरोबर सांगत्यात," चाची आतून म्हणाली.